ड्राफ्ट बिअरचा ग्लास: घासण्याइतकंच विसळणं महत्त्वाचं

बिअरच्या कारखान्यांसाठी छत्रपती संभाजीनगरचं नाव देशभर घेतलं जातं. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत तयार झालेली बिअर इथून ट्रकांनी लांबलांब जाते. या धंद्यात ६५० मिलिलिटरची रिकामी बाटली परत येते, तेव्हा ती पुन्हा भरण्याआधी कॉस्टिक सोड्याच्या कढत द्रावणात भिजवली जाते. मग आतून-बाहेरून पाण्याचे फवारे मारून ती पुनःपुन्हा विसळतात आणि रिकामी बाटली तपासूनच पुढे सोडतात. त्याच शहरातल्या अनेक परमिट रूममध्ये नळातून येणारी ताजी ड्राफ्ट बिअर मात्र काउंटरखालच्या बादलीत बुडवून काढलेल्या ग्लासात ओतली जाते. ग्लास दिसायला चकचकीत असतो. बिअर तोंडाला लावली की ती मरगळलेली लागते, फेस मिनिटभरात बसतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, माल जुना आहे. बहुतेक वेळा माल चांगला असतो, ग्लास ओशट असतो.

हा लेख दोघांसाठी आहे: बार चालवणाऱ्यांसाठी आणि टेबलापाशी बसणाऱ्यांसाठी. घरी बाटली किंवा कॅन उघडणाऱ्यांनाही यातलं जवळजवळ सगळं लागू पडतं.

आधी फेसाबद्दल. आपल्याकडे फेस म्हणजे मापात मारलेली काट, अशी समजूत घट्ट बसली आहे. वेटरला "फेस नको" असं बजावून सांगणारे पुष्कळ भेटतात. पण फेस हा बिअरच्या चवीचा भाग आहे. एक लिटर बिअरमध्ये साधारण अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. ओतताना त्यातला थोडा सुटतो आणि बुडबुडे वर येतात. बार्लीतली प्रथिनं आणि हॉप्समधली कडू द्रव्यं त्या बुडबुड्यांभोवती पातळ, चिवट पापुद्रा धरतात, म्हणून बिअरचा फेस सोड्याच्या फेसासारखा क्षणात विरत नाही. हॉप्सचा सुगंध नाकापर्यंत पोचतो तो फुटणाऱ्या या बुडबुड्यांतून. खालच्या बिअरमधला वायू धरून ठेवायलाही फेसाच्या झाकणाची मदत होते.

स्निग्ध पदार्थ या पापुद्र्याचा शत्रू. तेलाचा, तुपाचा, साईचा अगदी पुसटसा अंश असला तरी तो प्रथिनांना बाजूला सारून त्यांची जागा घेतो. पापुद्रा तिथे कमजोर होतो, शेजारशेजारचे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि फुटतात. साबणाच्या द्रव्यांचंही तसंच. नीट न विसळलेल्या ग्लासात ती काचेला धरून बसतात आणि बिअर पडली की फेस मोडायला लागतात. म्हणजे तेल काढायला साबण लावला आणि साबण काढायला पाणी पुरलं नाही, तर फेसाच्या दृष्टीनं ग्लास होता तिथेच राहिला. वर लिंबाच्या किंवा गुलाबाच्या कृत्रिम वासाची भर पडली ती वेगळीच.

ओशट ग्लासात आणखी एक गोष्ट होते. तेलाच्या डागाजवळ, कापडाच्या धाग्यापाशी, वाळलेल्या क्षाराच्या कणाभोवती हवेचा सूक्ष्म कप्पा अडकून राहतो. विरघळलेला वायू अशा जागी गोळा होतो आणि काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटलेले दिसतात. पुष्कळांना ते ताजेपणाचं लक्षण वाटतं. खरं तर जिथे बुडबुडे चिकटले तिथे घाण आहे, आणि तिथूनच वायू लवकर निसटून बिअर शिळी पडते आहे. याला अपवाद एकच. काही ग्लासांच्या तळाला मधोमध मुद्दाम बारीक ओरखडे कोरलेले असतात, त्यामुळे तिथून बुडबुड्यांची धार अखंड वर चढते. ती ठीक. बाजूच्या भिंतीवरचे बुडबुडे ठीक नाहीत.

ओशटपणा येतो कुठून, हे आपल्या शहराच्या सवयी पाहिल्या की लगेच कळतं. दुपारी ज्या ग्लासातून लस्सी, ताक किंवा फालुदा गेला तोच संध्याकाळी बिअरला वापरतात. दुधातली चरबी काचेला फार चिवटपणे धरते. नान खलियाची तर्री जिथे शिजते तिथल्या कढया आणि ग्लास एकाच घासणीनं घासले जातात. फोडणीचा आणि तळणाचा धूर स्वयंपाकघराच्या भिंतीवर बसतो तसा शेजारच्या मांडणीवर पालथ्या ठेवलेल्या ग्लासांवरही बसतो. आणि सगळ्यात सर्रास दिसणारी सवय म्हणजे वेटरनं चार बोटं आत घालून एका मुठीत चार ग्लास उचलणं. उष्टे ग्लास उचलताना ते क्षम्य आहे, धुतलेले ग्लास टेबलावर आणताना अजिबात नाही. बार मालकांनी दुसरं काही केलं नाही तरी एवढं बंद करावं: ग्लास नेहमी खालच्या अर्ध्या भागाला धरायचा.

पिणाऱ्याचाही यात वाटा असतो. मसाला पापड, तळलेले शेंगदाणे, चिकन सिक्स्टी फाइव्ह खाऊन तेलकट ओठ काठाला लागले की फेस त्या बाजूनं खचायला लागतो. ओठांना लावायचं बाम आणि लिपस्टिक हे तर निव्वळ मेणचट पदार्थ. चखणा सोडा असं मी म्हणणार नाही. घोट घेण्याआधी ओठ कागदी रुमालानं टिपले तरी फरक दिसतो.

आता पाण्याकडे वळू, कारण या शहरात खरी अडचण तिथे आहे. शहराचं पाणी पैठणच्या नाथसागरातून येतं आणि वर्षानुवर्षं अनेक वसाहतींत नळ काही दिवसांच्या अंतरानंच येत आला आहे. हॉटेलं आणि बार बोअर आणि टँकरवर चालतात. आपल्या काळ्या बेसॉल्टच्या खडकातून येणारं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साध्या साबणाशी त्यांची गाठ पडली की न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि तो काचेवर बसतो. जड पाणी ग्लासावर तसंच वाळलं की पांढरट ठिपके राहतात. पाणी कमी आहे म्हणून बादलीत बुडवायचं आणि पाणी जड आहे म्हणून नुसतं पुसून घ्यायचं, अशी दुहेरी सवय यातून पडली आहे.

बादलीचा हिशेब करून पाहा. साबण लावलेल्या ग्लासाला आतून-बाहेरून ५ मिलिलिटर पाणी चिकटून राहतं असं धरू. वीस लिटरच्या बादलीत असे ५० ग्लास बुडवले की साबणाचं पाव लिटर पाणी त्या बादलीत जमा होतं. म्हणजे एकावन्नाव्या ग्लासाला मिळणाऱ्या पाण्यात जवळजवळ ऐंशीवा भाग साबणाचा आणि उष्ट्याचा. तेल तर मिसळतही नाही, तवंग होऊन वर तरंगतं, आणि ग्लास बाहेर काढताना त्याच तवंगातून वर येतो. बुडवून काढलेला ग्लास सगळ्यात शेवटी तेलाचाच हात लावून घेतो. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा धोका आहेच.

आता हेच पाणी थोडं थोडं वापरून पाहू. ग्लासात राहिलेल्या ५ मिलिलिटर साबणपाण्यावर १०० मिलिलिटर स्वच्छ पाणी घालून खळखळून ओतलं, तर साबण एकविसाव्या भागावर येतो. दुसऱ्यांदा तसंच केलं की एकविसाव्याचा एकविसावा भाग. तिसऱ्यांदा केलं की मूळच्या साबणाचा नऊ हजारावा भागही उरत नाही. पाणी लागलं एकूण ३०० मिलिलिटर. हेच ३०० मिलिलिटर पाणी एकदम ओतून ग्लास एकदाच विसळला असता तर साबणाचा एकसष्टावा भाग मागे राहिला असता. टंचाईच्या गावात हे गणित प्रत्येक बारच्या मोरीवर लिहून लावावं असं आहे: एकदाच भरपूर पाणी नको, तीनदा थोडं थोडं हवं.

बारमध्ये हे तीन भांड्यांत बसवता येतं, पण पाणी उलट दिशेनं चालवायचं. पहिल्या भांड्यात धुणं, दुसऱ्यात पहिलं विसळणं, आणि शेवटचं विसळणं बुडवून न करता वाहत्या धारेखाली किंवा फवाऱ्याखाली. शेवटच्या धारेचं पाणी तिसऱ्या भांड्यात साठवायचं. ते जवळजवळ स्वच्छच असतं, म्हणून पुढच्या फेरीत दुसऱ्या भांड्यात घालायचं. दुसऱ्यातलं पाणी धुण्याच्या भांड्यात, आणि धुण्याचं पाणी शेवटी गटारात. शेवटच्या धारेला तेवढं गाळलेलं पाणी हवं, आरओचं असेल तर उत्तम. आरओ यंत्रातून बाहेर फेकलं जाणारं पाणी मात्र ग्लासांना वापरू नका. त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. ते फरशी पुसायला, संडासात टाकायला चांगलं.

क्लोरिनबद्दल वेगळं सांगायला हवं. टँकरमध्ये आणि टाक्यांत टीसीएल पावडर टाकतात, पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की क्लोरिन वाढतं. आरोग्यासाठी ते हवंच. पण असं पाणी ग्लासात थेंबभर राहिलं आणि त्यावर बिअर पडली, तर बिअरमधल्या फिनॉल जातीच्या द्रव्यांशी क्लोरिनचा संयोग होऊन दवाखान्यातल्या जंतुनाशकासारखा वास येऊ शकतो. तो अत्यंत कमी प्रमाणातही नाकाला जाणवतो. गव्हापासून केलेल्या काही बिअरमध्ये लवंगेसारखा वास देणारी फिनॉलं मुळातच असतात, म्हणून तिथे जास्त जपावं. उपाय सोपा आहे: शेवटच्या विसळण्याचं पाणी कार्बनच्या फिल्टरमधून घ्यावं, किंवा रुंद तोंडाच्या भांड्यात जाळी झाकून रात्रभर उघडं ठेवावं, बराचसा क्लोरिन उडून जातो. ग्लास निर्जंतुक करायला क्लोरिनचं द्रावण वापरत असाल तर त्यानंतरही चांगल्या पाण्यानं विसळा. आणि ब्लीचिंग पावडरीत व्हिनेगर किंवा कुठलंही ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

धुवायचं कशानं? बिनवासाचा, बिनतेलाचा पदार्थ हवा. हातांना मऊ ठेवणारं द्रव्य मिसळलेला भांड्यांचा साबण इथे चालत नाही, कारण ते हातांसाठीचं स्निग्ध द्रव्य काचेवरही राहतं. भांड्याच्या वडीत भर म्हणून खनिजांची पूड असते, ती ग्लासाच्या तळाशी पांढरी बसते आणि काचेला बारीक ओरखडेही पाडते. घरी एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवून घ्या. सोडा तेल तोडतो आणि त्याला वास नसतो. हातात रबरी मोजे घाला, सोडा कातडीला लागतो. फक्त ग्लासांसाठी वेगळा मऊ ब्रश ठेवा आणि काठ व तळ नीट घासा. पाणी जड असेल तर सोड्यामुळे थोडे पांढरे डाग राहतील. अधूनमधून पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर किंवा चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून ग्लास त्यात भिजवले, मग चांगले विसळले, की ते निघतात. इतकं करूनही काच धुरकट राहिली तर ती ओरखड्यांनी झिजलेली आहे. असा ग्लास पाण्याला वापरा, बिअरला नको.

धुतल्यावर पुसू नका. हे सांगितलं की बारमधल्या जुन्या माणसांना पटत नाही, कारण फडक्यानं चोळून चमकवलेला ग्लास त्यांना स्वच्छतेची खूण वाटते. दिवसभर काउंटरवर असलेलं फडकं ओलसर, तेलकट आणि कुबट झालेलं असतं, धागेही सोडतं. तारेच्या जाळीवर ग्लास पालथे ठेवून हवेवर वाळू द्या. सपाट टॉवेलवर किंवा कागदावर पालथे घातले की आत दमट हवा कोंडते आणि कुबट वास धरतो. घरच्या कपाटात डांबराच्या गोळ्या किंवा नवं पॉलिश असेल तर त्याचाही वास ग्लासात उतरतो. रिकामा ग्लास नाकाशी धरून पाहा, लगेच कळेल.

ग्लास खरोखर स्वच्छ झाला का, हे तपासायच्या दोन खात्रीच्या रीती आहेत. पाण्यात बुडवून वर उचला. काच स्वच्छ असेल तर पाणी अखंड पडद्यासारखं सरकत खाली येतं, ओशट असेल तिथे पडदा फाटतो आणि थेंब सुटे होतात. दुसरी रीत मिठाची: ओल्या ग्लासाच्या आत कोरडं बारीक मीठ भुरभुरा. स्वच्छ काचेवर ते सगळीकडे सारखं बसतं, तेलाच्या जागी बसत नाही. तिसरी परीक्षा पिताना आपोआप होते. स्वच्छ ग्लासात प्रत्येक घोटानंतर काचेवर फेसाचं एक कडं मागे राहतं, आणि शेवटी ग्लास रिकामा झाला की ती कडी एकाखाली एक मोजता येतात. ओशट ग्लासात कडी पडत नाहीत, नुसते तुटक ठिपके राहतात.

आता ओतण्याच्या क्षणाकडे येऊ. वाळलेला स्वच्छ ग्लाससुद्धा बिअर ओतण्याआधी लगेच एकदा गार, चांगल्या पाण्यानं विसळायचा आणि ओलाच नळाखाली धरायचा. झेक देशात, जिथे १८४२ साली पिल्झेन शहरात पिल्सनर जन्माला आली, हा पबमधला रोजचा रिवाज आहे. मांडणीवर बसलेली धूळ जाते, उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर असताना तापलेली काच थंड होते, आणि ओल्या गुळगुळीत काचेवरून बिअर न उसळता खाली जाते. पाण्यानं बिअर पातळ होईल अशी शंका घेऊ नका. झटकलेल्या ग्लासात दोन-तीन मिलिलिटर पाणी राहतं, अर्ध्या लिटरला ते एक टक्काही नाही. यासाठी काउंटरवर बसवायचा फवारा मिळतो, ग्लास पालथा दाबला की खालून पाणी उडतं. तो घेणं जमत नसेल तर गार केलेल्या आरओच्या पाण्याची पिचकारी बाटली पुरते.

बर्फाळलेला मग मात्र बंद करा. आपल्या उन्हाळ्यात त्याची भुरळ पडते हे मान्य, पण फ्रीजरमधल्या मगाला आतून बर्फाचे कण असतात. त्यांच्यावर बिअर आदळली की बेसुमार फेसाळते, मग तो बर्फ वितळून खरोखरच बिअर पातळ करतो, आणि शेजारच्या मासळीचा वासही त्यात असू शकतो. बिअर थंड हवी, ग्लास फक्त गार असला की पुरे.

ओतताना ग्लास तिरका, नळाचं टोक काचेला किंवा बिअरला न लागू देता, आणि शेवटी सरळ करून दोन बोटं फेस. दुसऱ्या फेरीला त्याच ग्लासात नळ बुडवून भरणं हे तर घाणेरडंच, नळावर बुरशी धरायला तेवढं कारण पुरतं. प्रत्येक फेरीला नवा ग्लास द्या. टॉवर आणि पिचर यांनाही हेच सगळे नियम लागू, आणि टॉवरच्या तळाच्या नळीचा ब्रश वेगळा ठेवावा लागतो.

मालकांसाठी एक पैशाचा हिशेब. तीस लिटरच्या केगमधून अर्ध्या लिटरचे फार तर ६० ग्लास निघतात. तापलेल्या, कोरड्या, खरखरीत ग्लासामुळे दर ग्लासामागे ५० मिलिलिटर बिअर फेस म्हणून सांडली, तर एका केगमागे तीन लिटर, म्हणजे सहा ग्लास मोरीत गेले. विसळण्याचं पाणी त्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

सगळा दोष ग्लासाचाच असतो असंही नाही. बिअरला आंबट व्हिनेगरसारखा किंवा शिळ्या लोण्यासारखा वास येत असेल, तर केगपासून नळापर्यंतची नळी अस्वच्छ असण्याचा संभव मोठा. ती दर दोन आठवड्यांनी धुवायची असते. ग्लास की नळी हे ओळखायला तोच माल स्वतः विसळलेल्या दुसऱ्या ग्लासात घेऊन पाहा. फेस टिकला आणि वास गेला तर ग्लास दोषी, वास तसाच राहिला तर नळी.

महाराष्ट्रात ताजी, गावातच गाळलेली बिअर रुजायला लागली ती २००९ साली पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाल्यापासून. तेव्हापासून लोकांना चवीतला फरक कळू लागला आहे, चांगल्या ग्लासाला चांगले पैसे द्यायची तयारीही झाली आहे. आपल्या शहराची बाजू याहून नाजूक आहे. एप्रिल २०१६ मध्ये, दुष्काळ ऐन भरात असताना, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि मग ६० टक्के कपात करायचा आदेश दिला होता. बिअर एक लिटर तयार करायला त्याच्या कितीतरी पट पाणी लागतं. मराठवाड्यात इतकं पाणी घालून केलेली वस्तू शेवटी ओशट ग्लासात वाया घालवणं मला पटत नाही.

म्हणून टेबलापाशी बसणाऱ्यांना विनंती आहे. ऑर्डर देताना शांतपणे सांगा, "भाऊ, ग्लास गार पाण्यानं विसळून, ओलाच भरून द्या, आणि दोन बोटं फेस ठेवा." मापाची शंका असेल तर फेसाखालची बिअर मोजून मागा. जर्मनीत ग्लासावर त्यासाठी रेघच आखलेली असते, आपल्या बारनीही ती आखून घ्यावी. आणि भिंतीला बुडबुडे चिकटलेला, साबणाचा वास येणारा ग्लास समोर आला तर तसाच पिऊ नका. बदलून मागा.